बचावपटूचं डोकं : हेडर आणि स्मृतिभ्रंशाच्या वादाचा आढावा

३० जुलै १९६६ रोजी वेम्बलीवर पश्चिम जर्मनीला ४-२ असं हरवून इंग्लंडने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या अकरा जणांपैकी पाच जणांना उतारवयात स्मृतिभ्रंशाने गाठलं : रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि जॅक व बॉबी हे चार्ल्टन बंधू. यांतला विल्सन डाव्या बाजूचा बचावपटू, जॅक चार्ल्टन मधला, आणि स्टाइल्स बचावफळीच्या अगदी पुढे उभा राहून प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणारा. एका संघाच्या नशिबावरून वैद्यकशास्त्र काही सिद्ध करत नाही आणि करूही नये. पण ही नावं इतकी घरोघरी माहीत होती, की त्यांच्या आजारपणाच्या बातम्या एकामागून एक येऊ लागल्यावर संशोधकांपुरता मर्यादित असलेला एक प्रश्न सर्वांचा झाला. चेंडू डोक्याने मारत, म्हणजे ‘हेडर’ करत राहिल्याने मेंदूला कायमची इजा होते का? आणि होत असेल, तर ज्याचं कामच चेंडू डोक्याने परतवण्याचं आहे, त्या बचावपटूने आणि त्याला कामावर ठेवणाऱ्यांनी काय करायचं?

या प्रश्नावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरंच संशोधन झालं, नियम बदलले, न्यायालयात दावे गेले. चर्चा आज कुठे येऊन थांबली आहे, ते क्रमाने पाहू.

बचावपटूचं काम

फुटबॉलमध्ये डोक्याने चेंडू सगळेच खेळतात, पण सगळ्यांच्या डोक्यावर सारखा भार येत नाही. आघाडीचा खेळाडू बहुतेक वेळा चेंडूला नुसती दिशा देतो; बाजूने आलेला क्रॉस असतो, त्याला कपाळाचा हलका स्पर्श पुरतो. मधल्या बचावपटूचं तसं नाही. गोलरक्षकाने मैदानाच्या त्या टोकाकडून मारलेली लांब किक उंचावरून, वेग घेत खाली येते, आणि तिच्याखाली उभं राहून, उडी घेऊन, पूर्ण ताकदीने तो चेंडू उलट दिशेला परत पाठवायचा असतो. मानेचे स्नायू आवळलेले, शरीर पुढे झेपावलेलं, आणि समोरच्या खेळाडूचं डोकं नाहीतर कोपर दोन बोटांवर. कॉर्नर किक, फ्री किक, लांब थ्रो, या प्रत्येक प्रसंगी पहिला डोकं घालणारा तोच.

सामन्यातले हेडर तरी मोजता येतात. सरावातले कोण मोजणार? १९६० आणि ७०च्या दशकांत इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या अनेक क्लबांत छताला दोरीने चेंडू टांगलेला असे आणि खेळाडूंनी त्यावर एकसारखं डोकं मारत राहायचं, हा सरावाचा नेहमीचा भाग होता. जॅक चार्ल्टन लीड्स युनायटेड या एकाच क्लबकडून वीस वर्षं खेळला. सेल्टिकचा कर्णधार बिली मॅकनील, ज्याच्या नेतृत्वाखाली १९६७ साली एका ब्रिटिश क्लबने पहिल्यांदा युरोपियन कप जिंकला, त्याने क्लबसाठी ७९० सामने खेळले. मॅकनील हेडरसाठीच ओळखला जाई. १९६५च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यातला विजयी गोल त्याने कॉर्नरवर डोक्यानेच केला होता. २०१९ साली तो गेला, तेव्हा त्याला स्मृतिभ्रंश होऊन काही वर्षं झाली होती. लीड्स आणि मँचेस्टर युनायटेडचा उंचापुरा बचावपटू गॉर्डन मॅक्वीनही २०२३ साली ७०व्या वर्षी याच आजारातून गेला.

या पिढीच्या कमाईबद्दलही इथेच सांगायला हवं, कारण पुढच्या भरपाईच्या चर्चेत तो मुद्दा येतो. इंग्लंडमध्ये जानेवारी १९६१पर्यंत व्यावसायिक फुटबॉलपटूच्या पगारावर आठवड्याला २० पाउंडांची कमाल मर्यादा होती. ती उठल्यानंतरही बहुसंख्य खेळाडूंना निवृत्तीनंतर दुसरं काम शोधावं लागलं. आजच्या प्रीमियर लीगमधल्या बचावपटूंची मिळकत डोळ्यांसमोर ठेवून या म्हाताऱ्या माणसांचा विचार केला, तर तो चुकतो.

संशय ते निदान

डोक्यावर वारंवार बसणाऱ्या माराने मेंदू झिजतो, हे वैद्यकशास्त्राला मुष्टियोद्ध्यांमुळे माहीत होतं. अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ सालीच त्यावर लिहिलं होतं. आज त्या विकाराला ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी’, थोडक्यात ‘सीटीई’, म्हणतात. टाउ नावाचं प्रथिन मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचत जातं. त्याचं खात्रीचं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं, आणि या एका अडचणीमुळे सगळं संशोधन संथ चाललं आहे. इजा होण्यासाठी कवटी फुटावी लागत नाही, की शुद्धही हरपावी लागत नाही. दह्याचं भांडं झटक्यात थांबवलं तरी आतलं दही हिंदकळत राहतं. डोकं चेंडूवर आदळतं तेव्हा आतला मेंदूही तसाच ताणला-पिळला जातो आणि त्यातले बारीक मज्जातंतू तो ताण सोसतात. एका हेडरने काही होत नाही. प्रश्न हजारो हेडरचा आहे.

फुटबॉलपुरता विचार केला, तर १९८० आणि ९०च्या दशकांत नॉर्वे आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी माजी व सक्रिय खेळाडूंच्या स्मरणशक्ती आणि एकाग्रतेच्या चाचण्या घेऊन धोक्याची सूचना दिली होती. तिची फारशी दखल घेतली गेली नाही. प्रकरण उघड्यावर आलं ते जेफ अ‍ॅसलमुळे. अ‍ॅसल बचावपटू नव्हता. वेस्ट ब्रॉमविच अ‍ॅल्बियनचा तो आघाडीचा खेळाडू, हेडरसाठी नावाजलेला. जानेवारी २००२मध्ये वयाच्या ५९व्या वर्षी तो वारला आणि त्याच वर्षी मृत्यूचौकशी करणाऱ्या कॉरोनरने मृत्यूचं कारण ‘औद्योगिक आजार’ असं नोंदवलं. म्हणजे खाणकामगाराच्या फुप्फुसाला जसा कोळसा, तसा या माणसाला त्याचा व्यवसाय. पुढे २०१४ साली ग्लासगोचे मेंदूविकृतितज्ज्ञ डॉ. विली स्टुअर्ट यांनी त्याचा जतन केलेला मेंदू पुन्हा तपासला आणि सीटीईचं निदान केलं.

कॉरोनरच्या निष्कर्षानंतर फुटबॉल संघटनेने तातडीने मोठा अभ्यास हाती घ्यायला हवा होता, असं अ‍ॅसलच्या कुटुंबाचं म्हणणं होतं, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. पंधराएक वर्षं तशीच गेली. २०१७च्या आरंभी लंडनच्या संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या १४ माजी खेळाडूंचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यांपैकी सहा जणांचे मेंदू तपासायला मिळाले आणि चौघांत सीटीईच्या खुणा सापडल्या. त्याच वर्षी माजी स्ट्रायकर अ‍ॅलन शिअररने बीबीसीसाठी केलेल्या माहितीपटात उत्तर आयर्लंडचा जुना बचावपटू ख्रिस निकोल कॅमेऱ्यासमोर बसून सांगत होता, की चेंडू डोक्याने मारून मारून माझा मेंदू बिघडला आहे. निकोल २०२४मध्ये गेला.

ग्लासगो, स्टॉकहोम, नॉटिंगहॅम

मोठं वळण आलं ऑक्टोबर २०१९मध्ये. स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०० ते १९७६ या काळात जन्मलेल्या ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या आरोग्यनोंदी काढल्या आणि वय, सामाजिक परिस्थिती जुळणाऱ्या २३,०२८ सर्वसामान्य पुरुषांशी त्यांची तुलना केली. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये साधारण साडेतीन पट निघालं. प्रत्यक्ष आकड्यांत सांगायचं, तर मुख्य कारण म्हणून असा आजार नोंदलेले मृत्यू खेळाडूंत १.७ टक्के आणि इतरांत ०.५ टक्के. या अभ्यासाला इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन आणि खेळाडूंची संघटना यांनीच पैसा पुरवला होता, त्यामुळे तो बाहेरच्या टीकाकारांचा उद्योग म्हणून बाजूला सारता आला नाही.

त्याच अभ्यासाची दुसरी बाजू बातम्यांत कमी आली. या खेळाडूंमध्ये हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होते. सत्तरीपर्यंत त्यांचं मृत्यूचं एकूण प्रमाणही इतरांपेक्षा कमी होतं. त्यानंतर ते वाढलं. खेळाने शरीर राखलं, असाच याचा अर्थ.

बचावपटूंबद्दलचा थेट पुरावा दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२१मध्ये आला. तेच खेळाडू, पण आता मैदानावरच्या जागेप्रमाणे वेगळे केलेले. क्वचितच हेडर करणाऱ्या गोलरक्षकांमध्ये धोका थोडा जास्त दिसला, पण तो योगायोगही असू शकेल इतकाच. बचावपटूंमध्ये तो जवळजवळ पाच पट होता, सर्व जागांमध्ये सर्वाधिक. कारकिर्दीच्या लांबीप्रमाणेही तो चढत गेला : सर्वांत कमी काळ खेळलेल्यांत सुमारे सव्वादोन पट, पंधरा वर्षांहून अधिक खेळलेल्यांत पाच पटींच्या पुढे. या सगळ्या साहित्यात मला सर्वांत वजनदार वाटणारा निष्कर्ष हाच. खेळाडूंचा आहार, राहणीमान, दारू, औषधोपचार यांपैकी काहीतरी कारण असतं, तर ते गोलरक्षकाला आणि बचावपटूला सारखंच लागू पडलं असतं. दोघे एकाच बसने प्रवास करत, एकाच खोलीत कपडे बदलत. फरक होता तो कामाचा.

२०२३ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी आपल्या देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये १९२४ ते २०१९ या काळात खेळलेल्या ६,००७ पुरुषांचा अभ्यास मांडला. त्यांच्यात मेंदूच्या ऱ्हासाचे आजार सुमारे ९ टक्क्यांना झाले, तुलनेसाठी घेतलेल्या सामान्य लोकांत ६ टक्क्यांना. धोका दीड पट. गोलरक्षकांत वाढ आढळली नाही. दिशा स्कॉटलंडचीच, पण प्रमाण बरंच सौम्य. शिवाय स्कॉटिश नोंदींत वाढलेला दिसलेला पार्किन्सन स्वीडनच्या खेळाडूंत उलट कमी निघाला. हा फरक का, याचं समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. मोजणीची पद्धत, खेळण्याची शैली, सरावातले फरक, अशी अनेक कारणं सुचवली गेली आहेत.

त्याच वर्षी नॉटिंगहॅमच्या गटाने हेडरच्या संख्येलाच हात घातला. ४५९ निवृत्त व्यावसायिकांना विचारलं, की तुम्ही सामन्यात साधारण किती वेळा चेंडू डोक्याने मारत होता? शून्य ते पाच म्हणणाऱ्यांच्या तुलनेत सहा ते पंधरा म्हणणाऱ्यांत, आणि त्याहून अधिक पंधराच्या वर म्हणणाऱ्यांत, स्मरणशक्ती व आकलनाच्या चाचण्यांत कमी पडणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं. अडचण उघड आहे : ज्याची स्मृती तपासायची, त्याच्याच स्मृतीवर विसंबून हेडर मोजले गेले. तरीही संख्या आणि परिणाम एकाच दिशेने चढताना दिसणं ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही.

मतभेद कुठे आहेत

हा पुरावा समोर ठेवून संशोधक, संघटना आणि खेळाडू एकाच निष्कर्षाला येत नाहीत.

स्टुअर्ट आणि त्यांच्यासारखा विचार करणाऱ्यांचं म्हणणं असं, की आता आणखी वाट पाहण्यात अर्थ नाही. तंबाखू आणि कर्करोगाचा संबंधही आधी लोकसंख्येच्या अभ्यासातूनच दिसला होता. खेळात हेडर खरोखर गरजेचा आहे का, हा प्रश्न ते उघडपणे विचारतात. अमेरिकेच्या मज्जाविकारांवरच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेनेही ऑक्टोबर २०२२मध्ये, सीटीईला वारंवार होणाऱ्या डोक्याच्या दुखापती अंशतः कारणीभूत असतात, असं मान्य केलं. याआधी तिची भाषा इतकी ठाम नव्हती.

दुसरी बाजू सावधगिरीची आहे, आणि ती केवळ पैशासाठी केलेली टाळाटाळ आहे असं मानणं अन्यायाचं होईल. त्याच महिन्यात अ‍ॅमस्टरडॅमला भरलेल्या खेळातील कन्कशनविषयीच्या, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला बसणाऱ्या धक्क्याविषयीच्या, आंतरराष्ट्रीय परिषदेने कार्यकारणसंबंधाबाबत बरीच राखीव भाषा वापरली. या बाजूचे आक्षेप असे : मोठ्या अभ्यासांत प्रत्यक्ष हेडर कुणी मोजलेले नाहीत, मैदानावरची जागा हा त्यांचा फक्त अंदाज आहे. माजी खेळाडू आणि त्यांचे नातेवाईक या विषयाबद्दल जागरूक असल्याने त्यांच्यात निदानही अधिक होत असेल. आणि सर्वांत महत्त्वाचं, बचावपटू फक्त चेंडूवर डोकं मारत नाही; त्याचं डोकं दुसऱ्याच्या डोक्यावर, कोपरावर, गोलपोस्टवरही आदळतं. इजा हेडरची की धडकेची?

हा शेवटचा आक्षेप मला खरा वाटतो, आणि त्याला अलीकडची ठळक उदाहरणंही आहेत. टॉटनहॅमचा बेल्जियन बचावपटू यान व्हर्टोंगन ३० एप्रिल २०१९ रोजी अयाक्सविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात आपल्याच सहकाऱ्याच्या डोक्यावर आदळला. नाकातून रक्त आलं, त्याला तपासून पुन्हा मैदानात पाठवण्यात आलं आणि काही क्षणांत आधार देऊन बाहेर न्यावं लागलं. पुढे नऊ महिने चक्कर आणि डोकेदुखी होत होती, हे त्याने जवळपास दोन वर्षांनी सांगितलं. करार संपत आला होता, म्हणून गप्प राहिलो, असंही. फ्रान्सचा विश्वविजेता बचावपटू राफाएल वरान याने एप्रिल २०२४मध्ये ‘लेकिप’ या दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत २०१४च्या विश्वचषकाचा हिशोब मांडला. ३० जूनला नायजेरियाविरुद्ध डोक्याला मार बसला, ४ जुलैला तो जर्मनीविरुद्ध उपांत्यपूर्व सामना खेळला. त्या सामन्यातला एकमेव गोल मॅट्स हुमेल्सने वरानच्या अंगावरून उडी घेत डोक्याने केला. आपल्या कारकिर्दीतल्या सर्वांत वाईट सामन्यांपैकी दोन कन्कशननंतर काही दिवसांतच खेळलेले होते, असं वरानने म्हटलं. त्याच मुलाखतीत त्याने सांगितलं, की फुटबॉल खेळणाऱ्या आपल्या सात वर्षांच्या मुलाला तो हेडर करू नकोस असा सल्ला देतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, ३१व्या वर्षी, गुडघ्याच्या दुखापतीनंतर तो निवृत्त झाला.

धडक आणि हेडर वेगळे काढणं माजी खेळाडूंच्या नोंदींतून शक्य नाही. प्रयोगशाळेत मात्र ते काही अंशी झालं आहे. स्टर्लिंग विद्यापीठात २०१६ साली १९ खेळाडूंना कॉर्नरइतक्या वेगाने आलेले २० चेंडू डोक्याने मारायला लावले. धडक नाही, कन्कशन नाही, फक्त हेडर. लगेच घेतलेल्या स्मरणचाचणीत कामगिरी ४१ ते ६७ टक्क्यांनी घसरली आणि २४ तासांत पूर्ववत झाली. दिवसाने भरून येणाऱ्या या बदलाचा चाळीस वर्षांनंतरच्या स्मृतिभ्रंशाशी संबंध आहेच, असं यावरून म्हणता येत नाही. नुसता हेडर मेंदूला जाणवतच नाही, असंही यापुढे म्हणता येणार नाही.

तिसरी भूमिका खेळाच्या आतल्या लोकांची. हेडर काढला तर फुटबॉल फुटबॉल राहत नाही. कॉर्नर किकला अर्थ उरत नाही, उंच बचावपटूची कलाच संपते. त्यांच्या मते उपाय बंदीचा नाही, शिकवण्याचा आहे : कपाळाचा योग्य भाग, मानेचे बळकट स्नायू, सरावातली संख्या कमी. माजी खेळाडूंतही अनेक जण सांगतात, की धोका आधी माहीत असता तरी आम्ही खेळलोच असतो. ते प्रामाणिकपणे म्हणत असतील. पण त्यांना तो माहीत नव्हता, आणि निवड करायची तर ती माहिती हातात असताना करायची असते.

नियम कुठवर आले

पहिलं मोठं पाऊल अमेरिकेने उचललं, तेही न्यायालयातल्या दाव्याच्या तडजोडीतून. २०१५ साली तिथल्या महासंघाने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केला आणि ११ ते १३ वयोगटासाठी सरावात मर्यादा घातली. फेब्रुवारी २०२०मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून हेडर काढला. इंग्लंडने पुढे मुलांच्या सामन्यांतूनही जाणूनबुजून केलेला हेडर टप्प्याटप्प्याने हटवण्याचा निर्णय घेतला : २०२४-२५च्या हंगामात सात ते नऊ वर्षांखालील गट, त्यानंतर दरवर्षी एक गट, अशा रीतीने अकरा वर्षांखालील गटापर्यंत.

प्रौढ व्यावसायिकांसाठी २०२१-२२च्या हंगामापासून इंग्लंडमध्ये मार्गदर्शक सूचना आहे : सरावात आठवड्याला जास्तीत जास्त दहा ‘जोरदार’ हेडर. ३५ मीटरहून लांबचा पास, क्रॉस, कॉर्नर आणि फ्री किक यांवरचे हेडर या मोजणीत धरतात. कागदावर हे चांगलं दिसतं. व्यवहारात मधल्या बचावपटूचे दहा हेडर कॉर्नरच्या एकाच सरावसत्रात संपतात, आणि ती सूचना असल्यामुळे मोजण्याची जबाबदारी क्लबवरच सोडलेली आहे. स्कॉटलंडने नोव्हेंबर २०२२मध्ये वेगळा मार्ग धरला : सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी सरावात हेडर नाही. हा नियम पाळला गेला की नाही हे पाहणं सोपं आहे, म्हणून तो मला अधिक उपयोगी वाटतो.

कन्कशनच्या बाबतीत सामन्यातले नियमही हलले. २९ नोव्हेंबर २०२० रोजी आर्सेनलचा बचावपटू डेव्हिड लुईझ आणि वुल्व्ह्जचा राउल हिमेनेझ यांची डोकी एकमेकांवर आदळली. हिमेनेझची कवटी फुटली आणि लुईझ पट्टी बांधून मध्यंतरापर्यंत खेळत राहिला. त्यानंतर काही आठवड्यांतच जास्तीच्या, कायमस्वरूपी कन्कशन-बदलीचे प्रयोग सुरू झाले आणि २०२४पासून स्पर्धांना हा पर्याय नियमाने उपलब्ध झाला. खेळाडूंच्या संघटनांची मागणी वेगळी आहे. त्यांना रग्बीसारखी तात्पुरती बदली हवी आहे, म्हणजे खेळाडूला बाहेर नेऊन डॉक्टरला शांतपणे तपासता येईल आणि संघ दहा जणांवर येणार नाही. नियम बनवणाऱ्या मंडळाने जानेवारी २०२३मध्ये तिच्या प्रयोगाला नकार दिला. मैदानाच्या कडेला तीन मिनिटांत निर्णय घेण्याचा ताण त्यामुळे तसाच आहे.

न सुटलेलं

चेंडूचा प्रश्न नेहमी पहिला येतो. जुना चामड्याचा चेंडू पावसात पाणी पिऊन जड होत असे. १९८६च्या विश्वचषकापासून पूर्ण कृत्रिम चेंडू आले, तेव्हा धोका गेल्या पिढीबरोबर संपला, असं अनेकांना वाटतं. कोरड्या चेंडूचं नियमातलं वजन मात्र १९३७पासून जवळपास तेच आहे, आज ४१० ते ४५० ग्रॅम, आणि आजचा चेंडू अधिक वेगाने येतो. स्कॉटिश अभ्यासात १९६०च्या दशकापर्यंत जन्मलेल्यांमध्ये पिढीगणिक धोका घटलेला दिसला नाही. त्यानंतरची, कृत्रिम चेंडूवर वाढलेली पिढी अजून आजाराच्या वयाला पोहोचायची आहे. त्यामुळे ‘आता धोका नाही’ आणि ‘आताही तितकाच धोका आहे’ ही दोन्ही विधानं आज कुणी ठामपणे करू नयेत. खेळही बदलला आहे. २०१९पासून गोल किक पेनल्टी क्षेत्राच्या आतच सहकाऱ्याकडे देता येते, बरेच संघ मागून छोट्या पासांनी खेळ उभारतात, आणि मधल्या बचावपटूच्या पायांना डोक्याइतकंच महत्त्व आलं आहे.

महिला खेळाडूंबद्दलची पोकळी मोठी आहे. स्कॉटलंड आणि स्वीडन दोन्हीकडचे निष्कर्ष पुरुषांचे आहेत. मान तुलनेने कमी बळकट असल्याने त्याच चेंडूने स्त्रियांच्या डोक्याला अधिक झटका बसतो, असं मोजमापांतून दिसतं. दूरचा परिणाम काय, ते कळायला व्यावसायिक महिला फुटबॉलचा इतिहासच अजून अपुरा आहे. १९९९ची विश्वविजेती अमेरिकी बचावपटू ब्रँडी चॅस्टेन हिने २०१६ साली मरणोत्तर मेंदू संशोधनासाठी देण्याचं जाहीर केलं, ते याच कारणाने.

उरतो जबाबदारीचा प्रश्न. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या आजारांची सरकारी यादी आहे. फुटबॉलपटूंचा स्मृतिभ्रंश तिच्यात घालावा, ही कुटुंबांची मागणी जुनी आहे. माजी खेळाडू आणि त्यांच्या वारसांनी संघटनांविरुद्ध दावे दाखल केले आहेत. २०२३मध्ये प्रीमियर लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने आजारी माजी खेळाडूंच्या कुटुंबांसाठी दहा लाख पाउंडांचा आरंभीचा निधी उभा केला. एका अव्वल बचावपटूची किंमत आज कितीतरी कोटी पाउंडांत असते, तिथे ही रक्कम तोकडी आहे, एवढं म्हणायला कार्यकारणभाव सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही. आठवड्याला वीस पाउंड मिळवलेल्या माणसाची शुश्रूषा त्याच्या म्हाताऱ्या बायकोने एकटीने करावी, हे उत्तर असू शकत नाही.

आपल्या मैदानांवर

कोल्हापुरात तालीम मंडळांचे संघ हजारो प्रेक्षकांसमोर खेळतात, गोव्यात गावोगावी फुटबॉल आहे, मुंबईत शाळांच्या स्पर्धा आहेत. इंग्लंडमधल्या मुलांसाठीचे नियम इथे आपोआप लागू होत नाहीत, आणि कन्कशन-बदली हाही स्पर्धेने स्वीकारायचा पर्याय आहे, सक्ती नव्हे. म्हणजे निर्णय बऱ्याच अंशी स्थानिक प्रशिक्षकाच्या आणि आयोजकाच्या हातात आहे. त्यासाठी संशोधनाचा अंतिम निकाल लागायची गरज नाही, खर्चही नाही. बारा वर्षांखालच्या मुलांच्या सरावात हेडर ठेवू नये. मोठ्या मुलांना तो शिकवताना हलका चेंडू वापरावा, बचावपटूंकडून एका सत्रात रांगेने पन्नास-पन्नास हेडर करवून घेऊ नयेत. नियमांत चेंडूतल्या हवेचा दाब ०.६ ते १.१ वातावरण इतका सैल ठेवला आहे; युरोपीय महासंघाच्या २०२०च्या सूचनेप्रमाणे मुलांसाठी तो खालच्या टोकाला ठेवावा. आणि डोक्याला मार बसून एखादा मुलगा किंवा मुलगी गांगरलेली दिसली, तर सामना कितीही चुरशीचा असो, त्या दिवशी तिला पुन्हा मैदानात उतरवू नये आणि डॉक्टरला दाखवावं. प्रशिक्षक हे करत नसतील, तर पालकांनी त्यांना तसं सांगावं.